डॉक्टर घडतानाची गोष्ट : वैद्यकीय शिक्षणातील कथनात्मक संशोधन

परीक्षेतील गुण विद्यार्थ्याला किती येते ते सांगतात. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एका वर्षाची आंतरवासिता पार करताना माणूस म्हणून त्याच्यात काय बदलते, हे मात्र गुणपत्रिकेवर उमटत नाही. हा बदल विद्यार्थी, शिक्षक आणि रुग्ण यांच्या अनुभवकथनांतून शिस्तशीरपणे अभ्यासणारी पद्धत म्हणजे कथनात्मक संशोधन. तिची उगमस्थाने, कार्यपद्धती, मर्यादा आणि भारतातील स्थिती यांचा हा परिचय.

सार्वजनिक रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात सकाळच्या राउंडला एक दृश्य हमखास दिसते. विद्यार्थी केसपेपर हातात घेऊन उभा असतो आणि प्राध्यापकांना रुग्णाची ‘हिस्टरी’ सांगत असतो. खाटेवरील रुग्णाने तासाभरापूर्वी त्याला बरेच काही सांगितलेले असते. शेतावर असताना जीव घाबरला, चढण चढताना छातीत भरून आले, मुलगी बाळंतपणाला आली होती म्हणून दवाखान्यात जायचे राहून गेले. केसपेपरात यातील छातीत भरून येणे तेवढे इंग्रजी संज्ञेच्या रूपाने उतरते. निदानासाठी अशी गाळणी आवश्यकच असते. परंतु त्या वेळी विद्यार्थी दोन गोष्टी एकदम शिकत असतो. एक, हृदयविकाराची लक्षणे. दुसरी, रुग्णाच्या बोलण्यातील काय ऐकायचे आणि काय सोडून द्यायचे याची सवय. पहिलीची परीक्षा होते, दुसरीची होत नाही.

ही सवय किती खोलवर रुजते, याचा एक प्रसिद्ध दाखला अमेरिकेतील हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांच्या १९८४ मधील अभ्यासात मिळतो. त्यांनी डॉक्टर-रुग्ण भेटींची ७४ ध्वनिमुद्रणे तपासली. आपले म्हणणे सुरुवातीलाच पुरते मांडण्याची संधी फक्त २३ टक्के भेटींत रुग्णांना मिळाली होती. उरलेल्यांपैकी बहुतेक भेटींत डॉक्टरांनी सरासरी १८ सेकंदांत त्यांना मध्येच थांबविले होते. हे १८ सेकंद मोजता आले. तथापि कोणे एके काळी मन लावून ऐकणारा विद्यार्थी मध्येच थांबविणारा डॉक्टर कसा झाला, हे घड्याळ सांगू शकत नाही. त्यासाठी त्या विद्यार्थ्यालाच त्याचा प्रवास विचारावा लागतो, आणि तो प्रवास तो गोष्टीच्या रूपानेच सांगतो.

कथनात्मक संशोधन म्हणजे काय?

कथन म्हणजे घडलेल्या प्रसंगांची कुणीतरी, कुणाला तरी, काही हेतूने केलेली अर्थपूर्ण मांडणी. त्यात पात्रे असतात, स्थळ-काळ असतो, ‘आधी हे झाले, म्हणून मग ते झाले’ अशी कार्यकारणाची साखळी असते आणि सांगणाऱ्याचे त्या घटनेबद्दलचे मत असते. कथनात्मक संशोधनात ही कथनेच अभ्यासाची मूळ सामग्री असतात. ते गुणात्मक संशोधनाच्या कुळातले आहे. ‘किती’ आणि ‘कितीदा’ या प्रश्नांची उत्तरे संख्यात्मक पद्धती देतात. ‘कसे’ आणि ‘त्याचा अर्थ काय लावला गेला’ हे प्रश्न या पद्धतीच्या वाट्याला येतात.

सर्वसाधारण गुणात्मक मुलाखतीपेक्षाही ती एका बाबतीत वेगळी आहे. इतर अनेक पद्धतींत मुलाखतीचे तुकडे केले जातात आणि वीस जणांच्या बोलण्यातील सारखे तुकडे एका मथळ्याखाली गोळा होतात. कथनात्मक संशोधक शक्यतो गोष्ट अखंड ठेवतो. विद्यार्थ्याने प्रसंग कोठून सुरू केला, कोठे थांबला, काय दोनदा सांगितले आणि काय सांगायचे टाळले, यालाही तो पुरावा मानतो.

आठवणी आणि संशोधन यांतील फरकही येथे लक्षात घ्यायला हवा. डॉक्टरांनी लिहिलेली आत्मपर पुस्तके मराठी वाचकाला नवी नाहीत. डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे डॉक्टरच रुग्ण झाल्याचे कथन, डॉ. रवी बापट यांचे ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ ही एका शल्यचिकित्सकाच्या शिकण्या-शिकविण्याची हकिगत. अशी पुस्तके संशोधनाची सामग्री होऊ शकतात, परंतु ती स्वतः संशोधन नव्हेत. संशोधनाला आधी प्रश्न ठरवावा लागतो, कोणाची कथने का निवडली ते सांगावे लागते आणि कथनापासून निष्कर्षापर्यंतची वाट इतरांना तपासता येईल अशी उघडी ठेवावी लागते.

विचारधारेचा उगम

या पद्धतीची मुळे वैद्यकाबाहेरची आहेत. भाषावैज्ञानिक विल्यम लॅबॉव्ह आणि जोशुआ वॉलेट्झ्की यांनी १९६७ मध्ये सामान्य माणसांच्या तोंडी कथनांना ठराविक सांगाडा असतो, असे दाखवून दिले. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९८६ मध्ये विचार करण्याच्या दोन रीती मांडल्या. एक तर्कशास्त्राची व सिद्धान्ताची, दुसरी कथनाची. पहिली सर्वांना लागू पडणारे सत्य शोधते, दुसरी विशिष्ट माणसाच्या विशिष्ट प्रसंगाचा अर्थ लावते. वैद्यकाला या दोन्हींची गरज पडते; कारण रोगाचे नियम सर्वांना सारखे असले तरी खाटेवर पडलेला माणूस एकच असतो. पुढे १९९० मध्ये कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ मायकेल कॉनेली आणि जीन क्लँडिनिन यांनी शिक्षकांच्या अनुभवांचा अभ्यास करताना ‘कथनात्मक शोध’ ही स्वतंत्र संशोधनपद्धती म्हणून मांडली. प्रत्येक अनुभव काळ, माणसांतील नातेसंबंध आणि स्थळ या तीन अंगांनी पाहावा, हे त्यांचे सूत्र आजही वापरले जाते.

वैद्यकाच्या बाजूनेही याच सुमारास हालचाल सुरू होती. मानसोपचारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात शरीरातील ‘रोग’ आणि माणसाने भोगलेला ‘आजार’ यांतील अंतर दाखविले. कॅथरिन माँटगोमेरी हंटर यांनी १९९१ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. रुग्णाप्रमाणेच डॉक्टरही गोष्टीतूनच विचार करतो आणि केस सादर करणे हा कथनाचाच एक साचेबंद प्रकार आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी १९९५ मध्ये आजाराच्या कथनांचे तीन प्रकार सांगितले. ‘बरा होईन’ ही पूर्ववत होण्याची कथा, दिशाच हरवलेली विस्कळीत कथा आणि आजारातून काही गवसल्याची शोधकथा. ब्रिटनमध्ये ट्रिशा ग्रीनहाल्श आणि ब्रायन हर्विट्झ यांचा कथनाधारित वैद्यकावरील ग्रंथ १९९८ मध्ये आला.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. रिटा शॅरन यांनी या विचाराला शिक्षणाचे ठोस रूप दिले. वैद्यकाबरोबरच इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट मिळविलेल्या शॅरन यांनी १९९३ पासून विद्यार्थ्यांकडून ‘समांतर केसपेपर’ लिहून घेण्यास सुरुवात केली. रुग्णालयाच्या अधिकृत नोंदीत जे लिहिता येत नाही, पण कोठेतरी लिहिले गेलेच पाहिजे, ते विद्यार्थ्याने साध्या भाषेत स्वतंत्र लिहायचे, अशी ही कल्पना. अशा लेखनातून शिकवणे हे कथनात्मक वैद्यक आणि अशा लेखनाचा पद्धतशीर अभ्यास करणे हे कथनात्मक संशोधन. दोन्ही प्रवाह जवळून वाहतात. मात्र एक नव्हेत.

वॉर्डातील छुपे धडे

या पद्धतीने वैद्यकीय शिक्षणाला दिलेली मोठी देणगी म्हणजे ‘छुप्या अभ्यासक्रमा’चे दर्शन. फ्रेडरिक हॅफर्टी आणि रोनाल्ड फ्रँक्स यांनी १९९४ मध्ये ही संकल्पना वैद्यकीय नीतिशिक्षणाच्या संदर्भात मांडली. व्याख्यानात रुग्णाच्या प्रतिष्ठेविषयी शिकविले जाते आणि राउंडला त्याच रुग्णाचा उल्लेख ‘बेड नंबर बारा’ असा होतो. विद्यार्थी दोन्ही धडे घेतो, आणि बहुधा दुसरा अधिक टिकतो.

हे धडे प्रश्नावलीत सापडत नाहीत, कथनात सापडतात. हार्वर्डमधील विल्यम ब्रांच आणि सहकाऱ्यांनी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या ‘निर्णायक प्रसंगां’चा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत तिसऱ्या वर्षी विद्यार्थी वॉर्डात पूर्णवेळ येतो. रुग्णाची कणव आणि वैद्यकीय चमूत सामावून जाण्याची धडपड यांची विद्यार्थ्याच्या मनात चाललेली ओढाताण त्या लेखनातून पुढे आली. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजमध्ये मोहम्मदरेझा होजत आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या समानुभूतीचे गुणांक नेमके याच तिसऱ्या वर्षी घसरलेले आढळले. हे मोजमाप विद्यार्थ्यांनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवर बेतलेले असल्याने त्यावर वादही झाले. तरीही घसरण कोठे होते हे संख्येने दाखवावे आणि ती कशी होते हे कथनाने उलगडावे, अशी दोन पद्धतींची जोडी येथे जमते.

याहून अस्वस्थ करणारे चित्र शार्लट रीस आणि लिन मनरो यांच्या संशोधनातून समोर आले. इंग्लंड, वेल्स आणि ऑस्ट्रेलियातील तीन वैद्यकीय महाविद्यालयांच्या सुमारे २०० विद्यार्थ्यांकडून त्यांनी व्यावसायिक नीतीच्या पेचांचे प्रसंग ऐकले. वरिष्ठांच्या सांगण्यावरून, रुग्णाची वैध संमती नसताना, शरीराच्या खासगी भागांची तपासणी करावी लागल्याचे प्रसंग त्यांत होते. याविषयीचा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. संमतीचे नियम विद्यार्थ्यांना माहीत होते. असे असूनही अनेकांनी आज्ञा पाळली. कारण नकार देणे म्हणजे शिकविणाऱ्याला दुखावणे, संधी गमावणे. ‘रुग्णाची संमती आवश्यक असते काय?’ या प्रश्नाला हेच विद्यार्थी परीक्षेत अचूक उत्तर देतील. ज्ञान आणि आचरण यांतील ही दरी कथनातून दिसली.

कथने कशी मिळवतात?

सर्वांत प्रचलित मार्ग मुलाखतीचा. यात प्रश्न थोडे आणि मोकळे असतात. ‘तुम्हाला रुग्णाबद्दल समानुभूती वाटते काय?’ असे विचारल्यास ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. ‘वॉर्डातील न विसरता येणारा एखादा दिवस सांगा’ म्हटले की गोष्ट सुरू होते. संशोधकाने मग मध्ये पडायचे नसते. डॉक्टर असलेल्या संशोधकाला हेच सर्वांत कठीण जाते. अठरा सेकंदांची सवय त्यालाही असते.

दुसरा मार्ग लेखनाचा : चिंतनपर टिपणे, निर्णायक प्रसंगांची नोंद, समांतर केसपेपर. तिसरा मार्ग ध्वनी-दैनंदिनीचा. लिन मनरो यांनी दीर्घकालीन अभ्यासात विद्यार्थ्यांना आपले अनुभव वेळोवेळी स्वतःच ध्वनिमुद्रित करायला सांगितले आणि त्या पद्धतीविषयी २००९ मध्ये लिहिले. यात प्रसंग ताजा असतो, समोर प्रश्नकर्ता नसतो, आणि त्याच विद्यार्थ्याचे पहिल्या व शेवटच्या वर्षातील बोलणे शेजारी ठेवून पाहता येते. रुग्णांच्या कथनांचाही असाच संग्रह करता येतो. ऑक्सफर्डमध्ये अॅन मॅकफर्सन आणि अँड्र्यू हर्कशायमर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या रुग्णानुभवांच्या संग्रहात संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती जनतेसाठी आणि अध्यापनासाठीही खुल्या करण्यात आल्या.

एक कथन, तीन वाचने

विश्लेषण कसे होते, हे उदाहरणाने समजणे सोपे. पुढील कथन समजुतीपुरते कल्पिलेले आहे. बोलणारा तरुण इंटर्न असून प्रसंग वर्षभरापूर्वीचा आहे.

‘रात्री अडीचची वेळ होती. सर म्हणाले, नातेवाइकांना तू सांग, मला नवीन अॅडमिशन बघायची आहे. बाहेर आजी बसल्या होत्या, संध्याकाळचा डबा तसाच मांडीवर. मी म्हटलं, आजी, आम्ही खूप प्रयत्न केले. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, मग बाळा, यांना आता जेवायला कधी द्यायचं? मला काही सुचेना. सिस्टरांनी त्यांना जवळ घेतलं. मी केसपेपर पूर्ण करायला आत गेलो. तो डबा मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.’

पहिले वाचन आशयाचे. कथनात काय सांगितले आहे? दुःखद बातमी सांगण्याचे काम सर्वांत कनिष्ठ व्यक्तीवर आले, त्याचे शिक्षण त्याला मिळालेले नव्हते, वरिष्ठ कामात गुंतलेले होते आणि प्रसंग परिचारिकेने सावरला. अशी अनेक कथने एकत्र वाचली की कोणती सूत्रे पुन्हा पुन्हा येतात ते कळते.

दुसरे वाचन रचनेचे. लॅबॉव्हच्या सांगाड्यानुसार येथे पार्श्वभूमी आहे (रात्रीची वेळ, वॉर्डाबाहेरची जागा), गुंतागुंत आहे (आजींचा प्रश्न), शेवट आहे (सिस्टरांनी जवळ घेणे) आणि मूल्यमापन आहे. मूल्यमापन म्हणजे ही गोष्ट सांगण्याजोगी का वाटली, याची खूण. ती ‘डबा अजून हलत नाही’ या वाक्यात आहे. केसपेपर पूर्ण झाला तरी इंटर्नच्या लेखी गोष्ट संपलेली नाही.

तिसरे वाचन संवादाचे, म्हणजे कोण कोणाशी आणि कोणत्या शब्दांत बोलते याचे. ‘मृत्यू’ हा शब्द इंटर्नने उच्चारलाच नाही. ‘प्रयत्न केले’ या वाक्याच्या आड तो राहिला, आणि म्हणूनच आजींना बातमी पोहोचली नाही. त्याने ‘मी’ न म्हणता ‘आम्ही’ म्हटले. मराठीत ‘आपण’ ऐकणाऱ्याला सामावून घेते, ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवते. डॉक्टरांच्या ‘आम्ही’मध्ये तो नुकताच सामील झाला होता, त्याच क्षणी आजी त्या वर्तुळाबाहेर राहिल्या. असे बारकावे मूळ भाषेतच सापडतात. मुलाखत मराठीत घेऊन थेट इंग्रजी भाषांतरावर विश्लेषण केल्यास हा धागा निसटून जातो. म्हणून मूळ मराठी लिप्यंतर हाताशी ठेवणे आपल्याकडील संशोधकांसाठी अत्यावश्यक ठरते.

आता हाच प्रसंग इंटर्नने गुणांसाठी लॉगबुकात लिहिला असता तर? ‘दुःखद बातमी सांगताना संवादकौशल्य महत्त्वाचे असते, हे शिकलो. भविष्यात अधिक चांगला संवाद साधेन.’ वरिष्ठ गेले, डबा गेला, आजीही गेल्या. दोन्ही मजकूर एकाच प्रसंगाचे. फरक पडला तो वाचणारा कोण आहे यामुळे. कथन कोणासाठी सांगितले गेले, हे विश्लेषणात धरणे का अनिवार्य आहे, ते येथे ध्यानात येते.

विश्वास कशावर ठेवायचा?

‘या तर गोष्टी, यांत शास्त्र कोठे?’ हा आक्षेप जुना आहे. गुणात्मक संशोधनाचे निकष संख्याशास्त्राहून निराळे आहेत. यव्होना लिंकन आणि इगॉन गुबा यांनी १९८५ मध्ये सांगितलेले चार निकष सर्वमान्य झाले आहेत : निष्कर्षांची विश्वसनीयता, दुसऱ्या संदर्भात ते पडताळता येण्याइतका तपशील, प्रक्रियेतील सुसंगती आणि निष्कर्ष सामग्रीवरच आधारलेले असल्याची खात्री. यासाठी दोन संशोधक स्वतंत्र वाचन करून मतभेद चर्चेने सोडवितात, निष्कर्ष सहभागींना दाखवितात, न जुळणारी कथनेही अहवालात ठेवतात आणि प्रत्येक निर्णयाची नोंद राखतात. अहवाल-लेखनासाठी २००७ ची ३२ मुद्द्यांची ‘कोरेक’ आणि २०१४ ची २१ मुद्द्यांची ‘एसआरक्यूआर’ या सूची उपलब्ध आहेत. संशोधकाने स्वतःची भूमिकाही उघड करावी लागते. मुलाखत घेणारा त्याच विभागाचा प्राध्यापक होता की बाहेरचा समाजशास्त्रज्ञ, यावर ऐकायला मिळणारी गोष्ट बदलते.

नीतीचे प्रश्न

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अधिकारांच्या उतरंडीत खालच्या पायरीवर असलेल्यांना संशोधनातील असुरक्षित गट मानले असून त्यांत वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचाही उल्लेख आहे. ज्या शिक्षकाच्या हाती अंतर्गत गुण आहेत, त्याने मागितलेली संमती कितपत मुक्त, असा हा प्रश्न आहे. संस्थात्मक नीती समितीची मान्यता घेणे, संमती व मुलाखत मूल्यमापनाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने घेणे आणि नकाराचा कोणताही तोटा होणार नाही याची हमी देणे, ही किमान पथ्ये होत.

नाव वगळल्याने ओळख लपतेच असे नाही. ‘एका वर्षी विभागात एकच मुलगी होती’ एवढ्या तपशिलावरून सारे महाविद्यालय तिला ओळखते. कथनात रुग्णही असतो, आणि त्याची संमती बहुधा कोणी घेतलेली नसते. म्हणून स्थळ, वय, आजार यांचे तपशील बदलावे लागतात. सांगताना जुनी जखम उघडी पडू शकते. त्यामुळे मुलाखतीआधीच समुपदेशनाची व्यवस्था ठरलेली असावी. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य मानसिक आरोग्य सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

मर्यादा आणि आक्षेप

कथन म्हणजे घटनेचे छायाचित्र नव्हे. स्मृती निवड करते, आणि आजच्या मनःस्थितीतून काल रंगतो. समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटकिन्सन यांनी १९९७ मध्ये इशारा दिला होता, की कथनाला आतल्या सत्याचा थेट झरा मानणे ही भाबडी समजूत आहे. कथन हीदेखील सामाजिक कृती असते आणि तिचे तसेच विश्लेषण व्हायला हवे. तत्त्वज्ञ गेलन स्ट्रॉसन यांनी २००४ मध्ये निराळाच आक्षेप घेतला. सर्वच माणसे आपले जीवन गोष्टीच्या रूपात अनुभवत नाहीत, आणि तसे अनुभवावे असा आग्रहही धरू नये. वैद्यकीय वर्गातही बोलके विद्यार्थी असतात तसे अबोल असतात. इंग्रजी माध्यमातील विद्यार्थ्याचे सफाईदार चिंतन आणि जिल्ह्याच्या गावाहून आलेल्या विद्यार्थ्याचे अडखळते लेखन यांची तुलना करताना संशोधक भाषेलाच संवेदनशीलता समजण्याचा धोका असतो.

वेळ आणि मनुष्यबळ यांचाही प्रश्न आहे. एका तासाच्या मुलाखतीचे लिप्यंतर करण्यास कित्येक तास लागतात. नमुना लहान राहतो आणि त्यावरून टक्केवारी सांगता येत नाही. औषधाचा गुण किंवा नव्या अध्यापनपद्धतीमुळे वाढलेले गुण तपासायचे असतील, तर ही पद्धत कामाची नाही.

भारतातील चित्र

भारतात या विषयाला २०१९ नंतर निराळे महत्त्व आले. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून एमबीबीएससाठी क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. वृत्ती, नीती आणि संवाद यांवरील ‘एटकॉम’ ही पुस्तिका तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये काढली होती. परिषदेची जागा २५ सप्टेंबर २०२० रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली आणि हा घटक पुढे चालू राहिला. चिंतनपर लेखन आणि लॉगबुक आता विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झाले आहेत. त्याआधीही काही प्रयत्न झाले होते. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये २००९ मध्ये वैद्यकीय मानव्यविद्येचा गट स्थापन झाला आणि तेथूनच २०१४ पासून या विषयाचे ‘राइम’ हे नियतकालिक निघू लागले. मुंबईतून १९९३ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय नीतीविषयक नियतकालिकाने, आजच्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ने, डॉक्टरांच्या अनुभवलेखनाला स्थान दिले. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन तेथे शिबिराला राहते. विद्यार्थी रुग्णाला त्याच्या घरात भेटतो, अशा ठिकाणी कथनात्मक अभ्यासाला सुपीक जमीन मिळते.

गरज किती तातडीची आहे, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाच्या २०२४ मधील अहवालावरून दिसते. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरील ऑनलाइन पाहणीला २५,५९० पदवी आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रतिसाद दिला. त्यांपैकी पदवीच्या १६.२ टक्के आणि पदव्युत्तरच्या ३१.२ टक्के विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे नोंदविले. स्वेच्छेने भरलेल्या पाहणीच्या मर्यादा लक्षात घेऊनही आकडे गंभीर आहेत. परंतु पदवीकडून पदव्युत्तरकडे जाताना हे प्रमाण जवळपास दुप्पट का होते? सलग ड्युटी, वरिष्ठांची वागणूक, शुल्काचे ओझे, रुग्णाच्या मृत्यूनंतर कोणाशीही न बोलता पुढच्या खाटेकडे वळणे, यांतील काय कोणाच्या बाबतीत कसे साठत गेले? त्याचे उत्तर त्या निवासी डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकावे लागेल.

येथेच लॉगबुकाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. चिंतनपर लेखन सक्तीचे झाले, त्यावर शिक्षकाची सही आली, की विद्यार्थी अपेक्षित तेच लिहू लागतो. वरच्या वर्गाची जुनी टिपणे उतरवूनही काम भागते. अशा हजारो पानांचे विश्लेषण केले तरी हाती लागेल ते विद्यार्थ्यांचे परीक्षाकौशल्य. मूल्यमापनासाठीचे लेखन आणि संशोधनासाठीचे कथन वेगळे ठेवणे हा यावरील पहिला उपाय. दुसरा उपाय शिक्षकांच्या बाजूचा आहे. ज्या विभागात प्राध्यापक स्वतःची चूक सांगतात, तेथे विद्यार्थीही बोलू लागतात.

अभ्यास सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी

• प्रश्न नेमका असावा. ‘विद्यार्थ्यांचे अनुभव’ हा विषय झाला. ‘रुग्णाचा पहिला मृत्यू पाहिलेले इंटर्न तो प्रसंग कसा सांगतात?’ हा प्रश्न झाला.
• नीती समितीची मान्यता मुलाखतींपूर्वी घ्यावी, नंतर नव्हे.
• मुलाखत सांगणाऱ्याच्या भाषेत घ्यावी आणि लिप्यंतरात विराम, हसू, अडखळणेही नोंदवावे.
• आशय, रचना, संवाद यांपैकी कोणते वाचन करणार, ते आधी ठरवावे आणि त्याचे कारण लिहावे.
• विभागाला न आवडणारे कथन अहवालातून वगळू नये.
• निष्कर्ष महाविद्यालयाच्या अभ्यासक्रम समितीपुढे मांडावेत. सांगितलेल्या गोष्टीचे पुढे काहीच झाले नाही, तर पुढील तुकडी बोलणार नाही.

रुग्णाचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, ही शिकवण प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षापासून दिली जाते. विद्यार्थ्याचे म्हणणे पुरते ऐकून घेण्याची व्यवस्था मात्र थोड्याच ठिकाणी आहे. कथनात्मक संशोधनाकडे ती उणीव भरून काढण्याचे एक साधन म्हणून पाहता येईल. सांगणाऱ्याला भीती वाटणार नाही, एवढी एक अट महाविद्यालयांना पाळता आली, तर या साधनाचा उपयोग होईल.